औषध सोडू नकोस, शेल्बी

प्रिय शेल्बी,

मला पत्रं लिहिता येत नाहीत. आपल्या घरात लिहिण्याचं काम कायम तुझ्या आईचं. पण फोनवर बोलायला गेलो तर तू विषय बदलशील, म्हणून हे लिहायला बसलोय.

परवा तू आईला सांगितलंस की नशा सुटून आठ महिने झाले, आता थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येण्याआधी नशेची ओढ थोपवणारी, जिभेखाली ठेवायची ती औषधाची पट्टीही बंद करणार, म्हणजे डॅडीसमोर ताठ मानेनं उभी राहशील. तुझी आई आनंदानं रडली.  मला मात्र तेव्हापासून घास उतरत नाही. तू आजच बंद केली असशील का, काल केली असशील का, दिवसभर हेच डोक्यात.

इकडे तसं ठीक आहे. कुंपण दुरुस्त केलं. गेल्या शनिवारी आम्ही दोघं अग्निशमन केंद्रात गेलो होतो. नशेत श्वास थांबला तर नाकात मारायचा फवारा असतो ना, तो कसा मारायचा ते तिथे शिकवतात. सरावाच्या बाहुलीवर मी खाणीतल्या सवयीनं जोर लावला तशी तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "व्हर्जिल, बाहुलीचं नाक आहे ते, खाणीची भिंत नव्हे." सगळे हसले, मीही हसलो. आता एक फवारा ट्रकमध्ये असतो, एक माझ्या खिशात. तुझ्या भावाच्या वेळी, डॅरल गेला तेव्हा, घरात एकही नव्हता.

तिथल्या नर्सबाईंना मी बाजूला घेऊन डॅरलबद्दल विचारलं. तो तर पूर्वी घ्यायचा त्याच्या निम्म्या नशेनेच कसा गेला, हे मला तीन वर्षं कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, औषध सोडलं की शरीराची नशा पेलायची सवय मोडते, पण ओढ तशीच राहते. मग माणूस एकदा घसरला तरी पुरतं. तुझंही तसंच होईल, पोरी. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पट्टीसुद्धा कमी करू नकोस. ते म्हणाले जन्मभर घे, तर जन्मभर घे. मी रक्तदाबाची गोळी घेतो, मला कुणी अर्धवट ख्रिस्ती म्हणत नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. डॅरलनं औषध स्वतःच्या हिमतीवर सोडलं, असं अंत्यविधीला सगळे म्हणाले. पास्टरही म्हणाले. मी पहिल्या बाकावर बसून ऐकून घेतलं. खरं म्हणजे ओढ्यात त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता, त्याच्या आधी मी त्याला गोठ्यामागे गाठलं आणि म्हणालो, "पोटात ते औषध ठेवून पाण्यात उतरणार असशील, तर मी काठावर उभा राहणार नाही." पास्टरांनी अशी अट कधीच घातली नव्हती. ती माझी होती. त्यानं मान डोलावली, त्या दिवसापासून औषध बंद केलं, आणि पाण्यातून वर आल्यावर आधी माझ्याकडे बघितलं. मला केवढा अभिमान वाटला होता. पाचव्या आठवड्यात तो गेला. आता तूही माझ्यासाठीच सोडायला निघालीस. तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही. हे पत्र टपालात टाकून आलो की तिला सांगणार आहे. ती तुला फोन करेल, काय बोलेल देव जाणे. तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. औषध चालू आहे, एवढंच तिला सांग.

तुझा, आणि त्याचाही,
डॅडी