माझ्याच पेशी, मला परत

९ जानेवारी
आज माझ्या पेशी मला परत मिळाल्या. गेल्या महिन्यात माझ्याच रक्तातून काढून गोठवून ठेवल्या होत्या. वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल. पण छोटीशी पिशवी, नळीतून थेंब थेंब, संपलं. खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास. पेशी टिकवायच्या औषधाचा असतो म्हणे.
आई म्हणाली, "आत्याच्या शेतात आल्यासारखं वाटून राहिलं."
पुण्यात वीस वर्षं झाली, पण घाबरली की तिचं अकोला बाहेर येतं.

१४ जानेवारी
ताप. तोंडात फोड. लिहवत नाही.

२५ जानेवारी
पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या. डॉ. प्रियदर्शनी मॅडम काचेतून अंगठा दाखवून गेल्या. बाबा म्हणतात, टक्कल मला शोभतं. त्यांचं स्वतःचं डोकं पाहता हे मत धरायचं नाही.

गेल्या वर्षातलं फार थोडं आठवतं. माझं रक्षण करणाऱ्या पेशीच माझ्या मेंदूवर उठल्या होत्या. झटके यायचे. स्टेरॉइड झाली, बाकीची औषधं झाली — बरी व्हायचे, पुन्हा पडायचे. माझी मैत्रीण आनंदी सांगते, भर वर्गात मी तिला विचारलं, "आपण कोण?" तेही अहो-जाहो करून. ती त्यावर अजून हसते. मला हसू यायला वेळ लागला.

मग मॅडमनी हे सुचवलं. आधी कडक औषधांनी जुन्या पेशी पुसायच्या, मग गोठवून ठेवलेल्या माझ्याच मूळ पेशींतून नव्या वाढू द्यायच्या. खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आईने होकार दिला.

१६ फेब्रुवारी
घरी! विश्रांतवाडीचा धूरसुद्धा गोड लागला — मास्कमधून. बाहेरचं खाणं बंद, पाहुणे बंद. शेजारचे काका जिन्यातूनच म्हणाले, "इतक्या लवकर सोडलं?"
आई म्हणाली, "हो, तुम्हाला विचारायचं राहून गेलं."
आई बरी आहे. पुणेकर झाली.

३ एप्रिल
आनंदी खाली पार्किंगमध्ये, मी गॅलरीत. तासभर ओरडून गप्पा. मधेच तिने चौदाचा पाढा म्हणायला लावला. न अडकता म्हटला. खालचा वॉचमन टाळ्या वाजवत होता.

१८ जून
शाळा. मी पुन्हा आठवीत, आनंदी नववीत. वाईट वाटलं — मधल्या सुट्टीपर्यंत.
एमआरआय चांगला आला. मी मॅडमना विचारलं, "परत नाही ना होणार?"
"वचन देत नाही. पण आत्ता छान आहेस. आत्तापुरतं चालेल?"
चालेल म्हणाले.

२ सप्टेंबर
पाळी आली. उपचारांनंतर पहिलीच. आईला सांगितलं तर तिने गॅस बंद केला, मला घट्ट धरलं आणि खूप रडली. त्या औषधांनी माझी पाळी कायमची जाऊ शकते, पुढे मूल होणार नाही, असं मॅडमनी तिला आधीच सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "मला माझी पोरगी हवी. नातवंडांचं मग पाहू."
हे मला आज कळलं. इतके महिने ती एकटीच वाट पाहत होती.