आठ तास दहा मिनिटं

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

तू पहिल्यांदा परदेशी निघालास तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, किती वेळ लागतो रे? तू ऐटीत म्हणालास, आठ तास दहा मिनिटं, बोलावलंत की आलोच. अण्णांनी एकतीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्या. त्यांच्या लेखी वेळ म्हणजे माणूस स्टँडवर उतरतो ती वेळ. त्यांनी खडू घेतला आणि कपाटाच्या दाराला आतून लिहिलं, ‘धाकटा – ८.१०’. तुला ते गोड वाटलं. तू फोटोसुद्धा काढलास. पण ती नुसती विमानाची वेळ; तुझ्या घरापासून विमानतळ, तिथल्या रांगा, इकडे उतरल्यावर पाच तासांची गाडी, हे सगळं धरून दारापासून दारापर्यंत सतरा तास होतात, आणि ते विमान आठवड्यातून तीनदाच असतं, हे सांगायला तुझी जीभ का जड झाली? मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय.

अण्णांचं जास्त झालं त्या दिवशी सकाळी सातला मी तुला फोन केला. ‘निघतो,’ म्हणालास. अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, तीन दहा. माझ्याकडून स्वतःची दाढी करून घेतली, खाट दाराकडे फिरवून घेतली. धाप लागलेली, तरी दर तासाला वेळ विचारत होते. तीन दहा झाले. मी म्हटलं, उशीर होतोय. तर म्हणाले, उशीर असेल तर फळ्यावर लिहावं लागतं, लोक ताटकळतात. मी कपाट उघडून तुझ्या नावापुढे ‘उशिरा’ लिहिलं. रागारागानं लिहिलं.

तू तिसऱ्या दिवशी आलास. विमान नव्हतं, मान्य आहे, ते काही तुझ्या हातात नव्हतं. पण आल्यागेल्याला तू सांगत सुटलास की अण्णा शांतपणे गेले. कसे गेले ते तुला ठाऊक नाही, मी कुणालाच सांगितलेलं नाही. चार वाजता मला ते बघवेना. मी म्हटलं, अण्णा, उतरलं विमान, पोचतोच आहे तो. त्यांनी मान डोलावली, दाराकडे बघत राहिले, आणि साडेचारला गेले. तुझी ती शांतता माझ्या थापेची आहे.

हे आज लिहायचं कारण आई. परवा तिनंही तुला विचारलं, किती वेळ लागतो, आणि तू पुन्हा तेच आठ तास दहा मिनिटं म्हणालास. अण्णांच्या वेळी विमानातच काही बिघडलं असेल बिचाऱ्याच्या, असं ती अजून धरून चालते. आज कपाट उघडलं, तर तिनं ‘उशिरा’ पुसून ‘८.१०’ नव्यानं गिरवलंय. तिला फोन कर आणि सतरा तास सांग, विमानाचे वारही सांग. ती रडेल, पण सोसेल. मी दुसऱ्यांदा विमान उतरवणार नाही.

तुझीच,
ताई