मायावी गावाचं दार

भिवपुरी, ४ नोव्हेंबर १९३१

गोष्ट परत आली! संपादक लिहितात – डोंगराच्या पोटातलं मायावी गाव झकास, पण ही माणसं तुमच्या-आमच्यापासून लपतात कशाला? फुंकर मारून दिवे लावणाऱ्यांना भीती कुणाची? मुलं विचारतील.

मुलं कशाला, आता मीच विचारते आहे. दोन महिने लिहीत होते आणि हे सुचलं नाही. धन्य माझी.

७ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं. म्हणाले, 'लोक वाईट असतात, म्हणून.' पॉवर हाऊसच्या माणसाला सगळं कसं बटण दाबण्याइतकं सोपं! मला पटत नाही. गोष्टीच्या शेवटी मी डोंगराचं दार उघडणार आणि सगळ्यांना एका पंगतीला बसवणार, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

८ नोव्हेंबर

कोंडी येऊन पोट चोळून गेली. वरच्या ठाकरवाडीतली सुईण ती. मला माहेरी आई नाही, तेव्हा बाळंतपण इथेच, तिच्याच हातून. हात मोठा हलका आहे तिचा.

१३ नोव्हेंबर

ह्यांच्या पाठीत उसण भरली. तिसरा दिवस. कूस बदलता येत नाही. शेक झाला, लेप झाला, माझी चिडचिडही झाली.

कोंडी बघून म्हणाली, 'पायाळूचा पाय लागला की उतरंल.' जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याच्या पायाला गुण असतो, असं मीही लहानपणापासून ऐकते आहे. म्हटलं, तुमच्या वाडीतला पोशा होता ना पायाळू, पण तो तर वारला. कोंडीने उठून दार लोटलं. मग म्हणाली, 'मेला नाय. आमी मेला म्हनतो. कुनाला बोलू नका, बाय.'

मी शपथ घेतली.

१४ नोव्हेंबर

दिवेलागणीला पोशा आला. वाळका म्हातारा. ह्यांच्या पाठीला उजवा पाय लावला, तीनदा. मग ओट्यावर बसून बशीतून सावकाश चहा प्यायला. मी विचारलं, 'बाबा, असं लपून का राहता?'

'लोकं धन काढाया न्यायची. डोल्यांत काजल घालून. पायाळूला पुरलेलं धन दिसतं म्हनं. दिसलं नाय की मारायची.'

१६ नोव्हेंबर

हे उठून कामावर गेले. पायाने की सहाव्या दिवसाने, कोण जाणे! जाताना मी त्यांना बजावलं – कुठे बोलायचं नाही.

१९ नोव्हेंबर

बोलले. 'एका इद्रिसलाच सांगितलं गं,' म्हणतात. इद्रिस ह्यांच्या पाळीतला फिटर. त्याच्या आईची, रुकय्याबीची, कंबर वर्षभर धरलेली. आता त्याला तरी काय बोलायचं?

२४ नोव्हेंबर

रुकय्याबी डोलीत बसून वाडीवर गेली आणि हसत खाली आली. मला मुद्दाम येऊन मिठी मारून गेली. तिच्यामागून तिची जाऊ. मग स्टेशनातले दोघे. मग खालापूरहून भरलेली बैलगाडी. मी खिडकीतून बघते. एकही माणूस वाईट दिसत नाही. प्रत्येकाचं खरोखरच दुखतं आहे.

आज एक जण काजळाची डबी घेऊन वर गेला म्हणे.

२७ नोव्हेंबर

पोशा वाडी सोडून गेला. कोंडी म्हणाली, 'या खेपेला कुटं गेला, आमाला बी ठाव नाय.' एवढंच. मग नेहमीसारखं माझं पोट चोळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती गेल्यावर पुष्कळ रडले. ह्यांच्यावर रागावून काय करू? शपथ मी घेतली होती.

१ डिसेंबर

गोष्ट पुढ्यात घेऊन बसले. दार उघडायला हात होईना. लोक वाईट नसतात, हे मी अजूनही म्हणते. पण त्यांची नड कधी सरत नाही, आणि पोशाला पाय दोनच. संपादकांना हे कसं कळवायचं, सुचत नाही.

९ डिसेंबर

मुलगी झाली. दोघी सुखरूप. पाय आधी आले.

खोलीत कोंडी आणि मी, दोघीच. दाराबाहेरून हे सारखे विचारत होते. कोंडीने नाळ कापली आणि माझ्याकडे पाहिलं. 'काय सांगू, बाय?'

'डोकं आधी आलं, म्हणून सांग.'