ती घराबाहेर वाचायला गेली तो शनिवार

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.ला होते आणि तुमच्या घरी यायचं धाडस झालं नव्हतं. गेटपर्यंत आले, दारासमोरच्या चपला पाहिल्या आणि तशीच परत फिरले. आता मीच तिसरीच्या वर्गाची बाई आहे, शेंद्र्याच्या बाजूला, कंपन्यांच्या मागच्या गावात. तुम्हाला काही सांगावं असं इतक्या वर्षांत फार वाटलं नाही. या महिन्यात मात्र रोज वाटतंय, कारण मी फार घाबरलेय आणि हे कोणाला सांगावं ते कळत नाही.

माझ्या वर्गातली बरीचशी मुलं भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. एकेका ओळीत दहा-बारा खोल्या, पत्र्याचं छत, आईबाप दोघंही कामाला. घरी पुस्तक म्हणावं असं काही नाही. म्हणून यंदा मी शाळेचं कपाट उघडलं आणि दर शनिवारी शाळा सुटताना प्रत्येकाला एक गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला द्यायला लागले. अट एकच होती, घरी मोठ्यानं वाचायचं. एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. बारीक चणीची आणि वाचताना ओठसुद्धा न हलवणारी. शब्द सगळे येतात, पण आवाज बाहेर पडत नाही. तिला मी त्या शनिवारी जरा जास्तच दटावलं. "तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही. घरी एवढ्या मोठ्यानं वाच की शेजारच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे." मी शाळेत असताना तुम्ही मला म्हणायचात अगदी तसंच. तिनं मान डोलावली आणि पुस्तक छातीशी धरून पळाली.

त्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला तिच्या आईचा फोन आला. "बाई, पोरगी तुमच्याकडं आली का?" मी म्हटलं, नाही. मग ती बोलायला लागली. "हिचे पप्पा रातपाळी करून झोपले व्हते. ही कानाशी मोठ्यानं वाचाया लागली. म्या वरडले, म्हणलं बाहेर जाऊन वाच. दुपारपासनं नाय ती. सगळीकडं बघितलं, बाई, कुठंच नाय." मी तशीच स्कूटी काढली आणि निघाले. जालना रस्त्यावर एकामागून एक ट्रेलर चाललेले. प्रत्येक ट्रेलरच्या चाकांकडे बघत मी गेले. काय शोधत होते, ते लिहवत नाही.

खोल्यांसमोर माणसं जमली होती. तिचा बाप अनवाणी, बनियनवर, डोळे झोपेनं आणि रडण्यानं लाल झालेले. मला बघितल्यावर तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "तुमच्या पुस्तकापायी गेली माझी पोर. कोण म्हणलं व्हतं तुम्हाला घरी पुस्तकं द्या म्हणून?" खोल्यांच्या मागं एक जुनी विहीर आहे, तिला कठडा नाही. दोघं जण गळ टाकून पाणी ढवळत होते. सगळे तिकडे सरकले. मला पुढं जाता येईना आणि मागंही फिरता येईना. गळ वर येताना दोराचं पाणी निथळायचं आणि मी डोळे मिटून घ्यायचे. बाई, मी त्या विहिरीत एकदाही बघितलं नाही. तिची आई मात्र काठावर गुडघे टेकून वाकून बघत होती आणि एक बाई तिला पदराला धरून मागं ओढत होती.

तेवढ्यात ओळीतल्या शेवटच्या खोलीतली बाई हातात मोबाईल घेऊन ओरडत आली. "सापडली! आमच्या ह्यांच्या टेम्पोत हाय!" तिच्या नवऱ्याचा टेम्पो खोल्यांच्या मागं उभा असतो. पोरगी शांत जागा म्हणून मागून त्यात चढली होती आणि रिकाम्या पोत्यांवर वाचता वाचता तिथंच तिचा डोळा लागला होता. त्यानं न बघता ताडपत्री बांधली आणि माल आणायला जालन्याकडं निघाला. करमाडला चहाला थांबला, इंजिन बंद केलं, तेव्हा त्याला मागून आवाज आला. "मला वाटलं मोबाईलच वाजतोय," तो नंतर सांगत होता. "कुणीतरी गोष्ट वाचतंय, अन् मधीच रडतंय, अन् परत वाचतंय."

अंधार पडायच्या आत तो तिला घेऊन आला. बापानं हात उगारला, मला वाटलं आता मारणार, पण त्यानं तिला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून हमसायला लागला. ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. आवाज पार बसलेला. म्हणाली, "बाई, मी लई मोठ्यानं वाचलं. तरी टेम्पोवाल्या काकांना ऐकूच येईना." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजूला जाऊन ओकले.

सोमवारी मी कपाटाला कुलूप लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बरं केलंत. शाळेत काय वाचायचं ते वाचू द्या. घरी गेल्यावर काय झालं तर आपल्या अंगाशी येतं." मला ते पटलं, खरंच पटलं. मुलं विचारत राहिली, बाई, शनिवारी पुस्तक? मी म्हणायची, बघू. ती काहीच विचारायची नाही. पुन्हा ओठ न हलवता वाचायला लागली होती.

आणि मग मला छावणी भागातली आमची लहानपणची खोली आठवली. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, हातात कपबशी. मी दाराआड. तुम्ही आईला सांगताय, "रोज भाकरी करताना हिला वाचायला लावा. तुम्हाला अक्षर येत नाही तरी चालेल, तुम्ही फक्त हं म्हणा." आई लाजून लगेच म्हणते, "हं." तेवढ्यात माझे वडील, अण्णा, शिलाई मशीनवरून उठून येतात. आदल्या दिवशीच मी वाचण्याच्या नादात धाकट्या भावाकडं बघितलं नव्हतं आणि त्याचा हात चुलीवर भाजला होता. अण्णा तुम्हाला नमस्कार करत नाहीत की काही नाही. "बाई, पोरगी पुस्तकात डोकं घालून बसती. आज हात भाजला, उद्या आणखी काय झालं तर तुम्ही येणार हायेत का?" तुम्ही म्हणालात, "येईन." एवढंच. पण तुमच्या हातातला कप बशीवर वाजत होता. तेव्हा मला वाटलं होतं, चहा गरम असेल. मला तुम्ही कधी भित्र्या वाटलाच नाहीत, बाई. आज वाटतं, तुम्ही त्या घरातून रस्त्यावर आल्यावर कुठंतरी भिंतीला टेकून उभ्या राहिला असाल.

म्हणून रविवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. बाप नुकताच उठला होता, चहा पीत होता. मला बघून गडबडीनं शर्ट घातला. "बसा बाई. त्या दिवशी मी काय काय बोललो तुम्हाला. भेव वाटलं व्हतं." मी म्हटलं, "मलाही वाटलं. अजून वाटतंय. तरी विचारायला आले, तिला पुस्तक देऊ का?" त्यानं बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "द्या की. सारखी त्याच गोष्टीचं बोलती." मग तो म्हणाला, "मी उठल्यावर वाचू दे. इथंच, दारात, माझ्यापुढं." मी पिशवीतून पुस्तक काढलं. ती उंबऱ्यावर बसून वाचायला लागली, पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्यानं. तो बुटाच्या नाड्या बांधत होता. कंपनीची बस यायची वेळ झाली होती. ती थांबली तसा तो म्हणाला, "मग? पुढं काय झालं?"

या शनिवारी मी कपाट उघडलं. मुलं बाहेर पडली तशी मी गेटपर्यंत त्यांच्या मागं गेले आणि शेवटचं पोर दिसेनासं होईपर्यंत तिथंच उभी राहिले. रविवारी सकाळी तिच्या आईला उगीच फोन केला, तिचा नेहमीचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. हे तुमच्यासमोर बसून सांगता आलं नसतं आणि आता सांगायला तुम्ही कुठं नाही, म्हणून लिहितेय. आणखी एक, तुम्ही रागावला असतात असं. तिनं कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक निवडलं होतं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, लवकर वाचून संपेल असं पातळ दिलं, आणि म्हटलं की जाड पुस्तक फाटलंय.

फाटलेलं नव्हतं, बाई.