वस्तऱ्याचा दगड

ब्रह्माघाट, काशी. कार्तिक वद्य नवमी, संध्याकाळ.

दादाला जाऊन नऊ दिवस झाले. उद्या दहाव्याला वहिनीचं केशवपन. एकोणीस वर्षांची आहे ती. आमच्या न्हाव्याचा वस्तरा बोथट. मागे काकूच्या डोक्यावर सतरा ठिकाणी रक्त आलं होतं. म्हणून त्याचाच वस्तरा घेऊन आज धारेचा दगड शोधत हिंडलो. तिसऱ्या दुकानात एक काळा, गुळगुळीत मिळाला. त्यावर वस्तरा घासून मनगटावर फिरवला. केस गेले ते कळलंही नाही.

"दाढ़ी के वास्ते?" दुकानदाराने विचारलं. मी हो म्हणालो. खोटं का बोललो?

वपनाविरुद्धचे पुण्याच्या पत्रांतले लेख घरात मोठ्याने वाचणारा मीच. वहिनी दाराआडून ऐकायची. आणि या नऊ दिवसांत वडिलांसमोर माझ्या तोंडून एक शब्द नाही. दगड तेवढा अगदी मऊ निवडला.

घरी आलो तेव्हा ती माजघरात केस मोकळे सोडून बसली होती. दगड पुढे ठेवून म्हणालो, "वहिनी, आता दुखणार नाही."

तिने त्यावरून बोट फिरवलं.

"भावजी, दिवसभर हेच शोधत होतात?"