तरणतलावाची वाळू

२ एप्रिल १९९६
आजपासून मी अकोट्याच्या क्लबातला तरणतलाववाला तुकोजीराव. कारखान्यात पाण्याच्या प्लँटवर फिटर होतो. तो बंद पडल्यावर घरी बसून माशा मारल्या, आता पुन्हा हातात पाना आला. आमचे पणजोबा महाराजांच्या सरकारस्वारीत तलवार घेऊन चालायचे, मी पाना घेऊन चालतो. गंज दोन्हींना चढतो. राहायला पंपाच्या खोलीला लागूनच एक खोली दिली आहे. पंखा चालतो, खिडकीत मोहरलेला कडुनिंब आहे. बायको, कमळी, असती तर पहिल्याच दिवशी पडदा लावून मोकळी झाली असती. दिवसभराचं सगळं संध्याकाळी तिला सांगायची सवय होती. ती गेली आणि सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून ही वही.

सेक्रेटरी भास्करराव रावपुऱ्यातल्या जुन्या कारभारी घराण्यातले. म्हणाले, पाणी गढूळ दिसतंय तेवढं बघा, बाकी टेन्शन नहीं लेवानुं. फक्त फिल्टरमधली वाळू बदलायची नाही, कमिटीचा ठराव आहे. म्हटलं, चालेल. चिकटपणाला ठराव म्हटलं की तो शोभून दिसतो.

४ एप्रिल
फिल्टर म्हणजे माणसाच्या उंचीचं पिंप आणि आत वाळू. तलावाचं पाणी वरून शिरतं, घाण वाळूत अडकते, खालून स्वच्छ पाणी तलावात परत जातं. घाण साठली की प्रेशरचा काटा चढतो. मग व्हॉल्वची मूठ फिरवून पाणी उलटं सोडायचं, घाण गटारात जाते. याला बॅकवॉश म्हणतात. मी तो केला, काटा उतरला, आणि जेवून येतो तर पुन्हा वर.

म्हणजे वाळूत गोळे धरलेले असणार. पंप बंद करून झाकण उघडलं तर खरंच, डिंकाच्या लाडवांसारखे कडक गोळे. अंगाचं तेल, घाम आणि क्रीम यांनी वाळू अशी चिकटते. पाइपनं पाणी मारून फुटेनात, तेव्हा हातांनी फोडले. आता पाणी नितळेल.

एक नवल मात्र लिहून ठेवतो. गोळे फोडताना मला रडू आलं. कमळीसाठी येतं ते रडू माझ्या ओळखीचं आहे. हे तसं नव्हतं. निळ्या स्कूटरवरून गेलेल्या एका मुलासाठी मी रडत होतो. मला मूलबाळ नाही.

८ एप्रिल
पाणी काचेसारखं झालं, मंडळी खूश. निरुपमाबाई म्हणून शाळेतल्या एक शिक्षिका रोज सकाळी पोहायला येतात. आज आपणहून सांगू लागल्या की त्यांचा एकुलता मुलगा मागच्या वर्षी ट्रकखाली गेला. स्कूटर निळी होती. शेजाऱ्याच्या मुलाच्या बदलीची बातमी सांगावी तसं हसत सांगत होत्या. म्हणाल्या, आधी घास उतरत नव्हता, या पाण्यात यायला लागले आणि बस, हलकं झालं.

भास्कररावांना विचारलं तर त्यांना अभिमानच. समा कुठे, रावपुरा कुठे, लोक एवढ्या लांबून उगीच येतात का, म्हणाले. एकदा वाळू बदलली तर कितीतरी महिने कोणाला उतार पडला नव्हता. म्हणून तो ठराव.

म्हणजे दुःख यांचं, पाण्यातून ते वाळूत अडकणार, आणि गोळे फोडायचे मी. वर पगार वेळेवर मिळतो म्हणून उपकारही मानायचे.

१३ एप्रिल
काटा पुन्हा चढला. रबरी मोजे घालून गोळे फोडले, उपयोग शून्य. आज मनात एका म्हाताऱ्याची वारलेली बायको आली आणि काविळीनं गेलेली एक पोर. तिला जिलेबी आवडायची हे मला कसं ठाऊक? पण ठाऊक आहे. जेवताना ताट पुढे आलं ते तिच्या आठवणीनं तसंच बाजूला सारलं.

भास्कररावांना म्हटलं, मला झेपत नाही. म्हणाले, तुमच्या आधी इथे होते ते बापूसुद्धा असेच मनाचे कच्चे निघाले. जायचं तर जा, खोली तेवढी रिकामी करा. खोली सोडून जाणार कुठे?

१५ एप्रिल
बापूंना भेटायला समाला गेलो. त्यांच्या वहिनी गंगाबाईंनी चहा दिला. बापू कोणाकोणाची नावं घेऊन रडत होते, त्यातलं एकही त्यांच्या घरचं नव्हतं. भिंतीवर हार घातलेला त्यांच्या सख्ख्या भावाचा फोटो. त्याकडे बोट करून त्यांनी मलाच विचारलं, हे कोण. गंगाबाई म्हणाल्या, जुओ भाई, बघा, गावची मढी उराशी धरून बसलाय आणि घरचं माणूस विसरलाय.

निघताना बापूंनी माझा हात धरला. पाण्यात उतरू नका, एवढंच म्हणाले.

१९ एप्रिल
कमळी कैरीला मीठ लावताना एक डोळा मिटायची. रागावली की मला साहेब म्हणायची. भाजीवाल्याशी गुजराती बोलायची ती इतकी ठसक्यात की तोच घाबरायचा.

आज तिचा आवाज आठवायला बसलो. मध्येच स्कूटरवाला आईला हाक मारतो. मग ती पोर. मग म्हातारी. मला कमळीची फार आठवण येते आणि या गर्दीत तिला बसायला जागा नाही.

२२ एप्रिल
ठरलं. उतरणार. ही परकी माणसं वाहून जाऊ देत, ज्यांची त्यांनी टाकली तशी मीही टाकीन. कमळीला घट्ट धरून ठेवीन. बापूही उतरले असणार, त्यांना आपलं माणूस धरता आलं नसेल.

२३ एप्रिल
भर दुपारी उतरलो. कोणी नव्हतं. पाणी गार, अंग हलकं.

वर आलो. स्कूटरवाला आहे. पोर आहे. म्हातारी आहे. सगळी इथेच —

मागचं पान वाचलं. कैरी, मीठ, डोळा. अक्षर माझं. कमळी माझी बायको, हे कळतं. चेहरा नाही. रडू नाही. ज्यांना रडणं नको होतं त्यांचं माझ्या गळ्यात, आणि माझं एकच होतं, ते —

२४ एप्रिल
ती वाळूत आहे. कालच अडकली. गोळा धरला नसेल अजून.

काटा चढलाय. भास्करराव म्हणतात, आत्ता बॅकवॉश करा, पाहुणे येतायत. केला तर कमळी गटारात. पंप बंद केला. आतून कडी लावली. दार वाजवतायत.

झाकण काढलं —

डावा हात खांद्यापर्यंत वाळूत. उजव्यानं लिहितोय. खाली — अजून खाली —

बोटं. कोणीतरी माझी बोटं धरली. मग आणखी एका हातानं. मग —

विचारलं, कमळी का?

सगळीच हो म्हणाली. ती पोरसुद्धा.

एक हात धरायचा, बाकीचे सोडायचे. तिची बोटं कशी होती, मला —