आत्याच्या नावाने

नुकुअलोफा,
१४ जून

लाडक्या आत्या,

मालो ए लेलेई! ऑकलंडला थंडी पडली असेल. गुडघ्यांना लोकर गुंडाळून बसली असशील, आणि सुनेला स्वयंपाकाच्या सूचना देत असशील. इकडे आपल्या बेटावर सगळे मजेत. म्हणजे, आता मजेत.

आधी आनंदाची बातमी. माझ्या दातांच्या दवाखान्यात दुसरी खुर्ची आली! सकाळी मी दार उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं गप्पा मारत बसलेली असतात. परवा आपला रग्बीवाला पेनी आला. एवढा धिप्पाड गडी, सुई पाहिली आणि आडवा! माझी मदतनीस फूसी त्याच्या डोक्याशी उभी राहून म्हणते, "मैदानात माणसं लोळवतोस, आणि इथं स्वतःच लोळलास होय रे?" शुद्धीवर आल्यावर सगळ्यांत जास्त तोच हसला.

आणि अवघड रुग्ण म्हणशील, तर मागच्या आठवड्यात एक म्हातारा आला. खालची दाढ कुजून पू हनुवटीखाली उतरलेला. गळा सुजून बैलाच्या मानेसारखा झालेला, जीभ वर उचललेली, थुंकीसुद्धा गिळता येईना. इस्पितळातले दातांचे डॉक्टर बोटीनं हापाई बेटांवर गेलेले. असं दुखणं मी फक्त पुस्तकात वाचलं होतं गं! चीर दिली, पू काढला, दाढ उपटली आणि त्या माणसानं छाती भरून श्वास घेतला. तो आवाज ऐकून मी आणि फूसी तिथल्या तिथं नाचलो.

आता पुढचं. तो म्हातारा म्हणजे बाबा.

घाबरू नकोस. बरे आहेत, खरंच. इस्पितळात राहून घरीही आलेत. पण त्या दिवशी ते खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "लेकीचा हात बापाच्या डोक्याला लागत नाही," एवढंच म्हणत होते, तेही फेसाळलेल्या तोंडानं. आपली ही रीत मला काय ठाऊक नाही? लहानपणी त्यांच्या उशीला माझा पाय लागला, तर तूच पाठीत रट्टा घातला होतास. पण त्यांचे ओठ निळे पडत होते, आत्या. बाबांना हुकूम सोडू शकेल असं जगात एकच माणूस आहे, त्यांची थोरली बहीण. तुला फोन लावला. लागेना.

मग मी तो बंद फोनच कानाला धरला. "हो आत्या. बरं आत्या." आणि बाबांना म्हणाले, "आत्या म्हणते, कृपा करून मेलेनाइतेला हात लावू दे. ही थोरल्या बहिणीची आज्ञा आहे."

बाबांनी डोळे मिटले आणि जमेल तेवढं तोंड उघडलं.

डाव्या हातानं त्यांचं डोकं माझ्या छातीशी धरलं. त्यांचे केस इतके मऊ आहेत, हे मला या वयात कळलं.

घरी आल्यावर त्यांना नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं भरवत होते. म्हणाले, "पोरी, माझी बहीण मला जन्मात कधी 'कृपा करून' म्हणालेली नाही."

मी चमचा खाली ठेवला. "मग तोंड का उघडलंत?"

"तू माझ्यासमोर आजवर खोटं बोलली नव्हतीस. म्हटलं, आज बोललीस, त्या अर्थी मी खरंच मरतोय."

आणि हेच बाबा चर्चबाहेर भेटेल त्याला सांगत सुटलेत, "माझ्या बहिणीनं थेट ऑकलंडहून हुकूम सोडला!" कोणी मला बोल लावू नये म्हणून. तुला लवकरच सगळीकडून फोन येतील. तेव्हा त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझं नाव न विचारता वापरलं, ते आधी माझ्याच तोंडून तुला कळावं, म्हणून हे पत्र.

पण आत्या, अजून तीन दात काढायचेत, कवळी बसवायची आहे. रविवारी प्रवचन देताना त्यांचा निम्मा शब्द हवेत जातो आणि मागच्या बाकावरची मुलं खुदखुदतात. कवळी मी अशी करीन, की त्यांचा खर्ज पुन्हा छतापर्यंत जाईल! पण आता ते हटून बसलेत. म्हणतात, "या वेळी बहिणीच्या तोंडून ऐकीन."

मला रागाव, हवं तेवढं रागाव. पण त्याआधी त्यांना फोन कर.

तुझ्या आज्ञेआधीच हात लावून बसलेली, आणि आता खऱ्या आज्ञेसाठी हात जोडून उभी,

तुझी भाची,
मेलेनाइते